शेऱ्याचा रकाना

बाबा खाणीवर काट्यावर होते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना काटा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भरलेला ट्रक लोखंडी फळीवर चढतो, वजन होतं, चिठ्ठी फाटते, ट्रक जेटीच्या वाटेला लागतो. तिथून बार्ज, मांडवी, मुरगाव बंदर. बाबांचा संबंध चिठ्ठी फाटेपर्यंतच. त्यांच्या टेबलावर एक लांबरुंद रजिस्टर असायचं: तारीख, ट्रक नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, खेप कितवी, आणि अगदी कडेला बोटभर रुंदीचा रकाना, शेरा.

बाकीचे रकाने बाबा निळ्या शाईने भरत. शेरा मात्र पेन्सिलीने. तोही दोन-तीन शब्दांत. 'टायर.' 'घरात मयत.' 'काल रात्री प्याला.' 'बायको हॉस्पिटलात, दोन खेपा कमी, उद्या भरून काढील.' महिना संपला की रजिस्टर वास्कोच्या हापिसात जायचं. त्याच्या आदल्या रात्री बाबा ते घरी आणत, मला समोर बसवत आणि हातात खोडरबर देत. सहावी-सातवीत असेन मी. महिनाभराचे सगळे शेरे पुसून काढायचे, कागद फाटू द्यायचा नाही, खाली पडलेला रबराचा चुरा फुंकून टाकायचा. खनिजाच्या तांबड्या धुळीने ती पानं आधीच गुलाबी झालेली असत. जिथं खोडलं तिथं पांढरा डाग उमटायचा.

"पुसायचंच आहे तर लिहिता कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"आपल्यापुरतं," बाबा म्हणाले.

मला वाटायचं, टापटिपीची आवड.

आता मी एका हॉटेल कंपनीत ॲनालिटिक्स विभागात आहे. या कामाची सुरुवात एका कोर्सने झाली. २०१३ साली घरी सांगितलं की डेटा मायनिंग शिकतोय, तेव्हा बाबा खुर्चीतून उठलेच. "मायनिंग? आत्ता? कुठल्या लीजवर?" त्यांची चूक नव्हती. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या होत्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला होता, काट्यावर गवत उगवायला लागलं होतं, आणि बाबा निवृत्तीच्या आधीच घरी बसले होते. मी त्यांना समजावलं, ही खाण आकड्यांची. दुकानं, बँका, कंपन्या यांच्याकडे नोंदींचे ढीग पडलेले असतात, त्यातून कामाचं काहीतरी शोधून काढायचं.

"म्हणजे डंप," बाबा म्हणाले.

मी पुढे बऱ्याच व्याख्या वाचल्या, पण इतकी नेमकी एकही सापडली नाही. खाणपट्ट्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे एक टन माल काढायला दोन-तीन टन माती उपसावी लागते. ती माती आणि हलक्या टक्केवारीचा दगड बाजूला रचत गेले, त्याचे डोंगर झाले, तेच डंप. पावसाळ्यात ते डोंगर लोकांच्या शेतांत उतरत. जपानला चांगल्या प्रतीचा माल हवा असायचा, तोवर या ढिगाऱ्यांना 'रिजेक्शन' म्हणत. मग चीनची भूक वाढली. हलकं खनिजही खपू लागलं. २००९ मध्ये सरकारनेही लोहाच्या टक्केवारीची किमान मर्यादा ५५ वरून ४५ वर आणली. काल फेकलेलं आज माल झालं, आणि २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. डोंगर तेच, मातीही तीच. बदलली ती फक्त मर्यादा.

हॉटेलात नेमकं तेच झालं. दाराला कार्ड कधी लावलं, वायफायवर किती वाजता आले, कुठल्या खोलीतून किती टॉवेल धुवायला गेले, कामगाराने बायोमेट्रिकवर बोट कधी टेकवलं, हे सगळं वर्षानुवर्षं कुठल्यातरी सर्व्हरवर रिजेक्शनसारखं पडून होतं. साठवण स्वस्त झाली, हिशेब करणारी यंत्रं वेगवान झाली, टक्केवारीची मर्यादा खाली आली. मग आमच्यासारख्यांना फावडी देऊन पाठवलं.

काम मला आवडतं, हे लपवत नाही. या विषयाच्या पोथीत एक जुनी मजेची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीच्या बिलांमध्ये १९९२ च्या सुमारास कुणालातरी दिसलं की संध्याकाळच्या एका वेळेत बिअर आणि बाळाची लंगोटं एकत्र विकली जातात. गोष्ट इतकी फिरली की दुकानदाराने दोन्ही वस्तू शेजारी मांडून गल्ला भरला, अशी तिला शेपटीही फुटली. प्रत्यक्षात मांडणी कुणी बदललीच नव्हती. पण शोध घेण्याची रीत खरी होती. १९९३ साली राकेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी ती गणितात बसवली, आणि पुढच्याच वर्षी अग्रवाल आणि श्रीकांत यांनी लाखो बिलांतून अशा जोड्या झटपट काढण्याची 'अप्रायोरी' नावाची पद्धत दिली. तिच्यामागची युक्ती शेंबड्या पोरालाही पटेल अशी आहे: पाव आणि मस्का ही जोडी बऱ्याच बिलांत हवी असेल, तर नुसता पाव निदान तितक्या बिलांत असलाच पाहिजे. पावच खपत नसेल तर जोडी शोधायचे कष्ट घेऊ नका. याच रीतीने आम्ही सकाळच्या बुफेतलं कुठलं अन्न कुठल्या दिवशी उरतं ते शोधलं, आणि रोज पिंपात जाणाऱ्या इडल्या निम्म्यावर आल्या. त्या महिन्यात मी स्वतःवर खूश होतो.

खोल्यांचे भाव वरखाली करणं हे तर आमचं रोजचंच. त्यावर फार लिहीत नाही. नाताळात हॉटेलचा भाव बघून ज्यांनी कपाळाला हात लावलाय त्यांना ते गणित अंगावर समजलेलं आहे.

मुद्दा माणसांचा आहे. २०२४ च्या अखेरीस एचआरने मागणी केली की कामगारांच्या गैरहजेरीचा अंदाज काढून द्या. मागणी रास्त होती. सीझनमध्ये हाउसकीपिंगचे चार लोक एकदम आले नाहीत तर दुपारी दोनला पाहुणे लॉबीत बॅगांवर बसून राहतात. मी दोन वर्षांचं हजेरीचं मस्टर घेतलं. वय, नोकरीची वर्षं, शिफ्ट, राहण्याचं ठिकाण, बसने येतो की स्वतःच्या गाडीने, साप्ताहिक सुट्टी कधी, महिना कुठला. यंत्राला असंख्य छोटे 'हो-नाही' प्रश्न विचारू दिले, त्यांची झाडं बनवली, झाडांचं रान केलं (या पद्धतीचं नावच तसं आहे), आणि प्रत्येक माणसासमोर शून्य ते शंभर असा धोक्याचा आकडा आला. तपासून पाहिलं, अंदाज बऱ्यापैकी बरोबर येत होते. पीपीटीत तो आलेख हिरव्या रंगात दाखवला. टाळ्या पडल्या.

वरच्या अकरा जणांच्या पत्त्यांत डिचोली पुन्हा पुन्हा येत होती. माझ्याच गावाकडचे लोक. मला खटकलं का? खरं सांगायचं तर नाही. लांबून येतात, कदंबची बस चुकत असेल, असं मीच माझ्या मनाला कारण दिलं आणि फाइल पाठवली.

मार्चमध्ये करार नवे करताना त्यातल्या चौघांना वर्षाऐवजी सहा महिने मिळाले. लाँड्रीतले काका त्यात होते. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. चादरीला इस्त्री लावायच्या आधी तिच्यावर तळहात फिरवून ओल बघतात, आणि तो तळहात कधी चुकलेला मी पाहिलेला नाही. सोळा वर्षं नोकरी. एप्रिल-मे सोडला तर रजा जवळजवळ नाहीच. एप्रिल-मे सोडला तर, हे शब्द मनात आले आणि मी संगणकापुढून उठलो.

डिचोलीतल्या शिरगावच्या लइराई देवीची जत्रा. वैशाख शुद्ध पंचमी. देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, जत्रेआधी चार-पाच दिवस व्रत पाळतात. गावातल्या तळीवर आंघोळ, शाकाहारी जेवण आपल्या हातचं, बाहेरचं काही नाही. मग हातात गोंड्यांची वेताची काठी घेऊन पहाटे होमखणातल्या निखाऱ्यांवरून चालत जातात. जो धोंड आहे तो त्या दिवसांत हॉटेलच्या कँटीनमध्ये जेवून चादरी धूत बसणार नाही. आठवडाभर आधी मुकादमाला तोंडी सांगून जाईल. मुकादम मान हलवील. मस्टरवर मात्र 'गै' पडेल.

आणि पंचमी इंग्रजी महिन्याच्या एका खुंटीला बांधलेली नसते. २०२३ साली ती एप्रिलच्या शेवटाकडे होती, २०२४ साली मेच्या दुसऱ्या आठवड्याकडे. चवथही, म्हणजे गणेशचतुर्थी, अशीच सरकते, पण चवथ हॉटेलच्या सुट्टीच्या यादीत आहे, नाताळ आहे, म्हणून यंत्राला ती माहीत आहेत. ही जत्रा आमच्या यादीत नव्हती. दोन वर्षांत दोन वेगळ्या ठिकाणी पडलेला डाग बघून यंत्राने तारखेचा नाद सोडला आणि जे दोन्ही वर्षांत समान होतं ते पकडलं: पत्ता. जत्रा त्याला दिसलीच नाही. दिसली ती बेभरवशाची डिचोली.

असं होतं हे काही माझ्या चुकीनंतर जगाला कळलेलं नाही. ॲमेझॉनने नोकरभरतीसाठी अर्ज चाळणारं यंत्र बनवलं होतं. त्याला दहा वर्षांचे जुने अर्ज खायला घातले, त्यांत पुरुषच जास्त, म्हणून ज्या अर्जात 'महिला' हा शब्द दिसेल त्याला ते खाली ढकलू लागलं. ते गुंडाळावं लागलं, आणि २०१८ साली याची बातमी आली. मी ती वाचली होती. कोर्समध्ये तिच्यावर टिपणही लिहिलं होतं. दुसऱ्याच्या पायातला काटा कळायला टिपण पुरतं.

घरातही एक उदाहरण होतं. माझ्या चुलतभावाने २०१० साली कर्ज काढून टिप्पर घेतला. दोन वर्षं हप्ते वेळेवर. २०१२ ला खाणी बंद, टिप्पर अंगणात, हप्ते थकले. पुढे खाणी थोड्याफार सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांच्या लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सामसूम. त्याचा क्रेडिट स्कोअर कोसळला. तीनशे ते नऊशेमधला एक आकडा, बस्स. ज्याने पैसे उडवले तो आणि ज्याचा रस्ताच न्यायालयाने बंद केला तो, दोघे त्या आकड्यात एकाच रांगेत उभे. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेला तेव्हा काउंटरवरच्या पोराने स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली. पोरगं वाईट नव्हतं. त्याच्या स्क्रीनवर शेऱ्याचा रकाना नव्हता.

अशा वेळी मला हटकून दामोदर कोसंबी आठवतात. १९०७ साली गोव्यातल्या कोसबें गावी जन्मलेले गणिती. आमच्या धंद्यातले पूर्वज म्हणून त्यांची तसबीर लावायला हवी. १९४० च्या आसपास त्यांनी तक्षशिलेला सापडलेली आहत, म्हणजे ठसे मारलेली जुनी नाणी एकेक करून तोलली. कल्पना अशी की नाणं हातोहात फिरताना झिजतं, त्यामुळे जितकं जास्त फिरलेलं तितकं सरासरी वजन कमी, आणि वजनांतली तफावत जास्त. त्यावरून कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची, याचा क्रम लावता येतो. कल्पना बरोबर आहे का ते पाहायला त्यांनी आपल्या काळातली, वापरातली नाणीही तोलली. नोंदींच्या ढिगातून कुणी न सांगितलेली गोष्ट काढायची, ती हीच. फक्त संगणकाशिवाय.

पण हाच माणूस तराजू ठेवून हातात काठी घ्यायचा आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, वाड्या पायी तुडवायचा. शेंदूर फासलेल्या दगडापाशी थांबून गुराख्याला विचारायचा, देवीचं नाव काय, जत्रा कधी भरते. आमच्या क्षेत्रात कामाच्या सहा पायऱ्या सांगणारी एक पद्धत नव्वदीच्या दशकात ठरली. पहिली पायरी: धंदा समजून घ्या. धंदा मला समजला होता. लाँड्री माझ्या टेबलापासून दोन मजले खाली आहे, आणि जिना उतरायची पायरी त्या सहांत नाही.

तर मी दुरुस्ती केली. कालनिर्णय घेऊन बसलो. तिथींचा एक रकाना घातला, प्रत्येक वर्षीची लइराई इंग्रजी तारखेला जुळवली. मुकादमांना भेटून विचारलं, कोण कुठल्या जत्रेला जातो, कोण धोंड आहे, कुणाच्या घरी काय. जे यंत्राला कळत नव्हतं ते त्याला सांगितलं. नवा रकाना घातल्याबरोबर डिचोलीवरचा डाग पुसला गेला. काकांचा आकडा ७१ वरून ९ वर आला. मी स्वतः एचआरकडे गेलो, चूक कबूल केली, चौघांचे करार पुन्हा वर्षाचे झाले. इतका आनंद इडल्यांनीही दिला नव्हता.

रविवारी घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. आता त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने, कौतुकाने सांगितलं. "तुमच्या शेऱ्याचा रकाना आणला परत."

बाबांनी पेजेत मीठ कालवता कालवता विचारलं, "पेन्सिलीने लिहिलास ना?"

मी हसलो. म्हातारपण.

यंदा फेब्रुवारीत जिना उतरून लाँड्रीत गेलो होतो. आता मी जातो अधूनमधून. काका चादरींच्या घड्या मोजत होते. म्हणाले, "सायबा, यंदा करार नवा केलाय माझा. पंधरा एप्रिलपर्यंत. मग जूनपासून परत बघू म्हणतात."

२०२६ साली पंचमी पुन्हा एप्रिलमध्ये, पंधरा तारखेच्या पुढच्याच आठवड्यात. मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "तसं बरंच झालं म्हणा. रजेसाठी कुणापुढे तोंड वेंगाडायला नको." आणि थोडं थांबून, "पण एक विचारू? मी धोंड म्हणून मुकादमाला तेवढं ठाऊक होतं. वर हापिसात कुणी सांगितलं?"

वर जाऊन शोध घेतला. कुणाचंही काही लबाडीचं नव्हतं, हेच जास्त जड गेलं. मी बनवलेल्या तक्त्यातून एका नव्या पोराने कामाच्या पाळ्यांचं रोस्टर आखणारा प्रोग्राम केला होता. धोक्याचा आकडा आता कुणाला नकोच होता, कारण नेमकं कारणच हाताशी होतं. ज्यांच्यासमोर जत्रेच्या रकान्यात खूण आहे त्यांचा करार जत्रेच्या आधी संपवला तर त्या दिवसांची बदली आणि भरपगारी रजा दोन्ही वाचते. प्रोग्रामने ते वाचवून दाखवलं होतं. यादीत सतरा नावं होती. गेल्या वर्षी चौघे होते.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, संमती घ्यावी, असं त्यात आहे. त्याच कायद्याच्या सातव्या कलमात संमतीशिवाय माहिती वापरता येईल अशा कारणांची यादी आहे, आणि नोकरीशी संबंधित कामं त्या यादीत बसतात. एचआरमधल्या मॅडमनी ते कलम मला पाठही म्हणून दाखवलं. मी भांडलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "पण ही माहिती गोळा कुणी केली होती, सर?"

मुकादमांकडे वही घेऊन मीच गेलो होतो. गावचा म्हणून त्यांनी मला सांगितलं होतं. एकाने तर हसत हसत आपल्या मेव्हण्याच्या व्रताचं, त्याच्या नवसाचं, न होणाऱ्या मुलाचंही सांगितलं होतं, आणि माझ्या हाताला सवयच अशी की मी तेही टिपून घेतलं होतं.

काल रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबलो. तक्ता उघडला. जत्रेच्या रकान्यात काकांच्या नावासमोर 'होय' होतं, ते निवडलं आणि मोकळं केलं. सेव्ह दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. आमच्या सिस्टीममध्ये कुठलीही नोंद बदलली की जुनी नोंद मागे जपून राहते, कुणी बदलली, किती वाजता, सगळं. ही सोय मीच करून घेतली होती. चौकटीत विचारलं होतं, बदलाचं कारण.

ती मोकळी ठेवून पुन्हा सेव्ह दाबलं.

लाल अक्षरं आली: शेरा आवश्यक.